बेडूक ओरडतो तो पावसासाठी की आणखी कुणासाठी?

पहिला दमदार पाऊस झाला की पाचोऱ्याच्या आसपास शेतातल्या डबक्यांमधून रात्रभर 'डरांव डरांव' सुरू होतं. बेडूक पावसाला बोलावतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. खरं तर ही हाक असते मादीसाठी.

ओरडतो कोण?

बहुतेक जातींमध्ये नर. तो तोंड बंद ठेवून फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून गळ्याखालच्या पिशवीत ढकलतो. पिशवी फुगते आणि आवाज दूरवर पोहोचतो. आपल्याकडचा मोठा बेडूक, म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, या दिवसांत पिवळाधमक होतो. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात.

मादी काय ऐकते?

आधी, हाक आपल्याच जातीची आहे का? मग, नर कसा आहे? अनेक जातींच्या माद्या मोठ्या किंवा लांबलचक हाकेकडे जातात. अशी हाक सतत देत राहायला बरीच ताकद लागते. बुलफ्रॉगच्या गर्दीत मात्र नर थेट मादीवर झडप घालतात, त्यामुळे निवड पूर्णपणे तिच्या हातात राहत नाही.

मादी खरंच निवडते हे कशावरून?

पनामातल्या टुंगारा बेडकावर मायकेल रायन यांनी प्रयोग केले. एका स्पीकरवर नराची साधी हाक, दुसऱ्यावर शेवटी 'चक' जोडलेली हाक. माद्या जास्त करून 'चक'कडे गेल्या. पण तोच आवाज ऐकून बेडूक खाणारं वटवाघूळही येतं. म्हणजे मादीला आवडणारी हाक नराच्या जिवावरही बेतू शकते.

आपल्या सह्याद्रीत तर मादीही बोलते. कोयनेजवळच्या हुंबरळी इथे दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे नाइट फ्रॉगचा अभ्यास केला. या जातीत मादीही आवाज काढते, असं त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं. बेडकांमध्ये हे क्वचितच दिसतं.

मग आपण काय करायचं?

हाकेमुळे बेडूक माणसालाही सहज सापडतो. भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली, पण धोका फक्त निर्यातीचा नाही. कोरडे महिने जमिनीत दडून काढलेल्या बुलफ्रॉगला जोडी जमवायला पावसाचे हेच थोडे दिवस मिळतात. त्यामुळे डबक्यावर गेलात तर लांबून ऐका, हवं तर रेकॉर्ड करा. पकडू मात्र नका.