गाडी कुठल्या रेसला अडते?

‘सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, हायवेला मात्र मस्त पळते.’ अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये आलेल्या गिऱ्हाइकानं मेकॅनिकचं निम्मं काम करून आणलेलं असतं. पण हे वाक्य पुरतं ऐकून घेणारे मेकॅनिक थोडेच. बाकीचे ‘कार्बोरेटर साफ करावा लागेल’ म्हणत स्क्रूड्रायव्हर उचलतात, दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवतात आणि गाडी परत देतात. चार दिवसांनी तक्रार तीच असते. फक्त आता मूळचं सेटिंगही हरवलेलं असतं.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६चे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पण १९९४मध्ये आलेली स्प्लेंडर, २००१मध्ये आलेली पल्सर, जुन्या बुलेट आणि हौसेनं जपलेल्या आरएक्स १०० या गाड्या अजून गावोगावी धावतात. दूधवाल्याची गाडी असो की कॉलेजातल्या पोराची, त्यांच्या पोटात तो ओंजळीत मावणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा अजून काम करतोय.

त्याचं काम तसं सरळ आहे. इंजिन हवा ओढतं आणि ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. गळ्यात तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून वर चढून हवेत मिसळतं. वाटीतली पातळी राखायला फ्लोट आणि सुईचा व्हॉल्व्ह असतो, घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो तसा. पेट्रोल पुरतं जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पेट्रोल त्याहून जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’.

निदानाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट पुढची. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा एकाहून जास्त असतात. गाडी नुसती स्लोवर असताना आणि साधारण पाव रेसपर्यंत पायलट जेटचा अंमल चालतो. मधल्या टप्प्यात स्लाइडला लटकणारी निमुळती सुई पेट्रोल मोजून सोडते. मूठ पाऊण भागाच्या पुढे पिळली की सूत्रं मेन जेटकडे जातात. त्यामुळे गाडी कुठल्या वेगाला अडते यापेक्षा मूठ किती पिळल्यावर अडते, हे विचारायला हवं. जाणकार मेकॅनिक मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतात, त्यावर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करतात आणि गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून येतात. पाच मिनिटांच्या या उद्योगात कुठली वाट तुंबली आहे ते कळतं, आणि तेही एक नट न खोलता.

सिग्नलला बंद पडणारी, सकाळी चोक दिल्याशिवाय चालू न होणारी आणि स्लो न धरणारी गाडी बहुतेक वेळा पायलट जेटकडे बोट दाखवते. याचं भोक मिलिमीटरच्याही अंशात मोजावं लागतं. कीहिनच्या जेटवर ३८ आकडा असला, तर भोक ०.३८ मिलिमीटरचं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट पिवळसर थर राहतो आणि तो पहिल्यांदा हेच भोक गाठतो. अशा वेळी साफसफाई खरोखरच लागते, पण ती तारेनं करायची नसते. जेट पितळेचं असतं आणि पितळ मऊ. पोलादी तार घातली की भोक चरतं, मोठं होतं आणि त्यानंतर गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवावं, हवा मारावी आणि जेट उजेडाकडे धरून भोक पुरतं गोल दिसतंय का ते बघावं. हवा मारण्याआधी रबरी भाग काढून ठेवावेत. करिझ्मासारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी डायफ्रॅम असतो. तो हवेच्या जोरानं फाटला तर साफसफाईचा खर्च कुठल्या कुठे जातो.

उलट तक्रारही येते. गावात ठीक चालते, पण मोठ्या रस्त्यावर मूठ पिळून दोन-चार किलोमीटर गेलं की झटके मारते आणि गप्प होते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. इथे मेन जेटवर संशय घेण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघावं. ‘सूं’ असा आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच ताळ्यावर आली, तर दोष झाकणातल्या हवेच्या बारीक भोकाचा. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, आणि धूळ किंवा वॉशिंगचा चिखल बसून ते भोक बुजतं. यात कार्बोरेटरचा काही संबंध नसतो, तरी तो बिचारा उगाच खोलला जातो.

कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या अशा तक्रारी पुष्कळ. एअर फिल्टर तुंबला की मिश्रण आपोआप रिच होतं. उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरल्या वेळेच्या आधीच बघावा लागतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली, तर चोरवाटेनं हवा आत शिरते. मग स्लो कधी चढतो, कधी पडतो. संशय असेल तर गाडी स्लोवर ठेवून त्या रबरावर साध्या पाण्याचा फवारा मारावा. इंजिनाचा आवाज बदलला की चीर सापडली. काही जण इथे पेट्रोल शिंपडून बघतात. तापलेल्या इंजिनाजवळ तो खेळ करू नये.

लीन की रिच, हे ठरवायला चोक हाताशी असतोच. गरम झालेली गाडी अर्धा चोक ओढल्यावर सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, तर जास्त होतंय. प्लगही बोलतो. कोरडी काळी काजळी रिचची, पांढराफटक रंग लीनचा आणि फिकट तपकिरी रंग प्रकृती बरी असल्याचा. टू-स्ट्रोक आरएक्स १००मध्ये पांढरा प्लग फारच मनावर घ्यावा. लीन मिश्रणानं इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो.

गाडी उभी असताना खालच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटच्या सुईच्या टोकाखाली कचरा अडकलाय किंवा टोक झिजलंय. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तरी हेच होतं. कानाजवळ धरून हलवलं की आत खळखळ ऐकू येते. ओव्हरफ्लो अंगावर काढू नये. पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नये.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे पाणी. वाटीच्या तळाशी निचऱ्याचा छोटा स्क्रू असतो. इंजिन थंड असताना तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं. पाणी जड, ते वेगळं होऊन तळाशी बसलेलं स्पष्ट दिसतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये एवढ्या एका कृतीनं कितीतरी गाड्या चालू होतात.

इथे इथेनॉलचाही मुद्दा येतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतूनही येणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि फार पाणी झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यानं जुन्या सेटिंगवरचं मिश्रण थोडं लीन होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल, तर ती स्वतःला जुळवून घेते. कार्बोरेटरला तशी अक्कल नसते, त्याला स्क्रूनं सांगावं लागतं. जुन्या गाड्यांतले रबरी सील इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होतात. ओव्हरफ्लो वारंवार होत असेल, तर तेही तपासावेत.

स्क्रूंबद्दल दोन शब्द. स्लो वाढवणारा स्क्रू वेगळा आणि मिश्रणाचा वेगळा. मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे आत पिळला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल सोडतो, तिथे आत पिळला की लीन. अनेक घोटाळे एवढ्याच अज्ञानातून होतात. आधी तो हलक्या हातानं शेवटपर्यंत आत घ्यावा, किती फेरे बसले ते लिहून ठेवावं आणि मगच परत तेवढा सोडावा. पुढे गरम इंजिनावर तो थोडा थोडा फिरवत स्लो सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल ती जागा शोधावी. शेवटी स्लोच्या स्क्रूनं वेग खाली आणावा.

हे सगळं नीट असूनही कार्बोरेटर चुकल्यासारखा वागतो ती जागा म्हणजे लडाख. पुण्या-मुंबईहून बुलेट घेऊन गेलेल्यांना खारदुंग-लाच्या चढावर गाडी काळा धूर सोडत गुदमरताना दिसते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्म्यावर येतो, जेट मात्र खालच्याच मापाचं. काही जण वैतागून एअर फिल्टरच काढून टाकतात. गाडी थोडी मोकळी होते खरी, पण तिथली वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. त्यापेक्षा एक-दोन माप लहान मेन जेट सोबत न्यावं आणि उतरल्यावर आठवणीनं मूळचं परत बसवावं. तसंच राहिलं तर घरी परतताना हायवेवर भर वेगात इंजिन लीन चालून तापतं.