कॅसेटमधली सरसर आणि डॉल्बीचा शोध

ऐंशीच्या दशकात चिंचवडमधल्या ज्या घरात टू-इन-वन होता, त्या घरातल्या माणसांना गाण्याआधीची ती सरसर अजून आठवत असेल. प्लेचं बटण खटकन दाबलं की आधी काही क्षण नुसतीच सरसर, आणि मग तिच्यातून वर येणारा तानपुरा.

एचए, टेल्को, बजाज अशा कारखान्यांमुळे मराठवाड्यापासून कोकणापर्यंतची माणसं या पट्ट्यात येऊन राहिली होती. प्रत्येकाचं गाणं वेगळं होतं. कुणाला भीमगीतं हवीत, कुणाला प्रल्हाद शिंदेंचे अभंग, कुणाला भीमसेनजी. रेडिओ त्याच्या वेळेला त्याचं गाणं लावायचा. कॅसेट आली आणि दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री परतलेल्या माणसाला आपलं गाणं आपल्या वेळेला ऐकता येऊ लागलं. वहीच्या कागदावर यादी करून दुकानात द्यायची, ‘साठची भरून द्या’ म्हणायचं आणि दोन-चार दिवसांनी घेऊन यायची. फीत बाहेर आली तर पेन्सिल दात्यांत घालून गुंडाळायची. पाळीवरून आलेला माणूस पोरं उठू नयेत म्हणून आवाज अगदी बारीक ठेवायचा, आणि नेमकी तेव्हाच ती सरसर सर्वांत जास्त जाणवायची. गाणं बारीक झालं की ती पुढे येते, भरदार झालं की दडते. या साध्या अनुभवातच एका मोठ्या शोधाची किल्ली होती. ती ज्याच्या हाती लागली तो माणूस तेव्हा, म्हणजे साठच्या दशकात, भारतातच राहत होता.

आधी ही सरसर कुठून येते ते पाहू. फितीवर लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा थर असतो आणि आवाज त्या कणांच्या चुंबकीय रचनेत साठवला जातो. पण हा थर दाणेदार असतो. प्रत्येक दाण्याची स्वतःची बारीकशी कुरकुर असते आणि अशा असंख्य कुरकुरींची बेरीज म्हणजे सरसर. फीत रुंद असली आणि जोरात धावत असली, तर क्षणाक्षणाच्या आवाजाला भरपूर दाणे मिळतात आणि त्या मानानं सरसर कमी राहते. स्टुडिओतली पाव इंची फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे आठवा हिस्सा. सरसर वाढणारच होती.

हा तोटा पत्करला होता तो आकारासाठी. बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या फिलिप्सच्या कारखान्यात लू ऑटेन्स हा डच अभियंता विकास विभाग सांभाळत होता. मोठ्या रिळांची फीत यंत्रात ओवण्याचा खटाटोप त्याला नकोसा झाला होता. त्यानं कोटाच्या खिशात बसेल असा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि ठरवलं, की यंत्र याहून मोठं होता कामा नये. (पुढे गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकू म्हणून तोच ठोकळा वापरला गेला आणि संपला. संग्रहालयात ठेवायला काही उरलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.) ऑगस्ट १९६३मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. पुढे सोनीच्या नोरिओ ओहगा यांनी परवान्याचं शुल्क द्यायला ठाम नकार दिला आणि फिलिप्सनं हे तंत्र विनाशुल्क खुलं केलं. पुढे भारतात गल्लीबोळांतून कॅसेट निघू शकल्या त्याचं एक मूळ इथे आहे. पण तेव्हाची कॅसेट मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी होती. संगीतासाठी तिच्यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता.

त्याच १९६३ साली रे डॉल्बी हा तिशीतला अमेरिकन संशोधक युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात आला. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत त्याचं काम होतं. विद्यार्थीदशेतच त्यानं अँपेक्स कंपनीत पहिल्या यशस्वी व्हिडिओ टेप रेकॉर्डरवर काम केलं होतं, नंतर केंब्रिजमधून डॉक्टरेट घेतली होती. फीत त्याला आतून-बाहेरून ठाऊक होती. भारतात तो इथल्या वादकांचं संगीत ध्वनिमुद्रित करत असे आणि ती सरसर त्याला सतावू लागली. आपल्या संगीताचे कान असलेल्याला याचं नवल वाटणार नाही. आपल्याकडे आलापी कुजबुजीइतक्या हलक्या स्वरातून उगवते आणि तानपुऱ्याचा झणत्कार विरत विरत शून्याला टेकतो. त्या शेवटच्या टोकाला सरसर गाण्यावर स्वार होते.

सरसर घालवायचे उपाय तोपर्यंत झाले नव्हते असं नाही. उंच पट्टीतला आवाज गाळला तर सरसर जाई, पण तिच्याबरोबर गाण्याचं तेजही जाई. सगळा आवाज दाबून मुद्रित करायचा आणि ऐकताना फुलवायचा, हा दुसरा मार्ग. त्यात मोठा आवाज वर-खाली होताना मागची सरसर श्वासासारखी कमी-जास्त होई, आणि तो प्रकार मूळ दोषापेक्षाही कानाला खुपे.

डॉल्बीनं प्रश्नच वेगळा मांडला. मोठा आवाज सरसरीला आपोआप झाकतो. मग त्याला हात कशाला लावायचा? फक्त हलके आवाज मुद्रणाच्या वेळी उचलायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. ते मूळ जागी येतील, पण मधल्या प्रवासात मिसळलेली सरसर त्यांच्यासोबत खाली जाईल. शिवाय सगळ्या आवाजाचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळं काम करायचं, म्हणजे ढोलाच्या ठोक्यामुळे बासरीपाठची सरसर हलणार नाही.

ही कल्पना घेऊन तो १९६५ साली लंडनला गेला आणि मोजक्या माणसांनिशी त्यानं प्रयोगशाळा काढली. चार पट्ट्यांची पहिली यंत्रणा महाग होती, स्टुडिओंसाठी होती. डेक्का ही रेकॉर्ड कंपनी तिच्या पहिल्या ग्राहकांपैकी. १९६८मध्ये त्यानं घरगुती यंत्रांसाठी ‘बी’ ही सोपी आवृत्ती आणली. ती फक्त उंच पट्टीवर काम करायची, कारण सरसर कानाला टोचते ती तिथेच. घट सुमारे १० डेसिबलची, म्हणजे सरसरीची शक्ती दहाव्या हिश्श्यावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र कॅसेट डेकमध्ये बसलं आणि बोलण्यासाठी जन्मलेली कॅसेट गाण्याची झाली.

आमच्या शेजारच्या काकांनी बोनसमधून असा डेक आणला होता. त्याच्यावर डॉल्बीचं बटण होतं. ते दाबलं की दुकानातून भरून आणलेली कॅसेट एकदम मलूल वाजे आणि काका म्हणत, बटण बिघडलंय. बटण ठणठणीत होतं. ती कॅसेट भरताना हलके आवाज उचललेच नव्हते. ऐकताना बटण त्यांना खाली ढकलायचं आणि गाण्याचं तेज जायचं. ज्या कॅसेटच्या वेष्टनावर समोरासमोर असलेल्या दोन ‘डी’चं चिन्ह असे, तिच्यासाठीच ते होतं. हे एवढं कुणी समजावून सांगितलं असतं, तर त्या घरातल्या कितीतरी रात्री अधिक नितळ गेल्या असत्या.

महाराष्ट्रात आज डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली, छाती हादरवणारी स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. त्या भिंतींशी रे डॉल्बीच्या या शोधाचा काही संबंध नाही. त्यानं आयुष्याचा मोठा भाग हलका आवाज वाचवण्यात घालवला. २०१३ साली तो गेला. ऑटेन्स २०२१मध्ये गेला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

तुमच्या माळ्यावर अजून कॅसेट असतील, आणि एखादीत आजीच्या ओव्या किंवा बारशाचं गाणं असेल, तर ती लगेच वाजवायला घेऊ नका. आधी मागच्या कडेचे दोन इवले तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत फिरवून घ्या, कारण वर्षानुवर्षं पडून ती घट्ट बसलेली असते. डेकचं हेड स्पिरिटनं पुसा. वेष्टनावर ते चिन्ह असेल तरच डॉल्बीचं बटण दाबा. आणि आवाज संगणकावर उतरवून घ्या, या वर्षीच. चालू स्थितीतले डेक दरवर्षी कमी होत आहेत.