न उघडलेल्या खोक्यांचा बाजार

२०१० साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बाईंनी घरातला जुना निन्टेंडो आणि त्याचे पाच गेम ईबेवर विकायला काढले. बोली १३,१०५ डॉलरपर्यंत चढली, ती त्यातल्या एकाच गेमपायी: ‘स्टेडियम इव्हेंट्स’. पायांनी खेळायच्या चटईसाठी बान्दाईने १९८७मध्ये तो आणला होता. पुढे चटईचे हक्क निन्टेंडोने घेतले, गेम नव्या नावाने आला आणि जुन्या नावाच्या मोजक्याच प्रती मागे राहिल्या. ही बातमी फिरली तेव्हा दुसऱ्या एकाची सीलबंद प्रत ४१,३०० डॉलरला गेली.

२०१४च्या जानेवारीत १९९०च्या ‘निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ची करडी कॅसेट ईबेवर आली. लेबल फाटलेलं, त्यावर पेनने ‘मारिओ’ लिहिलेलं. बोली पोचली ९९,९०२ डॉलरवर. रक्कम अफाट आहे, पण तिच्यामागे कारण दिसतं. अशा करड्या कॅसेट नव्वदच निघाल्या होत्या. सहा मिनिटं एकवीस सेकंदांत तीन गेम खेळायचे, हा स्पर्धेचा डाव त्या कॅसेटमध्येच बसवलेला. दुर्मीळ म्हणावी ती अशी वस्तू.

२०१९पासून मात्र भाव वेगळ्याच गोष्टीला मिळू लागला. वाटा नावाची कंपनी बंद खोक्यांना दहापैकी गुण देऊ लागली, वरच्या प्लॅस्टिकला वेगळी श्रेणी. मग खोकं पारदर्शक कवचात कायमचं बंद. त्या फेब्रुवारीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक सीलबंद प्रत १,००,१५० डॉलरला विकली गेली. ती सुरुवातीची, नुसत्या स्टिकरने बंद केलेली प्रत होती, म्हणजे विरळा खरीच. पण घेणाऱ्या तिघांत जिम हॅल्परिन होते, हेरिटेज ऑक्शन्सचे सहसंस्थापक. आणि पुढचे मोठे लिलाव झाले ते हेरिटेजकडेच.

२०२१च्या एप्रिलमध्ये मारिओची प्रत ६ लाख ६० हजारांना गेली. जुलैत ‘झेल्डा’ ८ लाख ७० हजारांना, आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ १५ लाख ६० हजार डॉलरला. या शेवटच्या गेमच्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत! दुर्मीळ होता तो ९.८ हा आकडा आणि त्यापुढचा ए प्लस प्लस. ‘झेल्डा’च्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायला छोटी बॅटरी असते. ती अजून जिवंत आहे का, हे बघायला खोकं फोडावं लागेल आणि खोकं फोडलं की भाव गेला. खेळण्यासाठी बनलेल्या वस्तूची अशी गत झालेली मला बघवत नाही.

ऑगस्टमध्ये एक मारिओ २० लाखांना गेला. त्याच महिन्यात यूट्यूबर कार्ल जॉब्स्टने सविस्तर व्हिडिओ काढून आरोप केला, की गुण देणारे आणि लिलाव करणारे यांनी संगनमताने भाव फुगवले. दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले. २०२२च्या मे महिन्यात काही ग्राहकांनी कॅलिफोर्नियात वाटावर दावाही लावला. संगनमत होतं की नव्हतं, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खटकतेच: लिलावगृहाचा मालक ज्या मालाचा गिऱ्हाईक, तोच माल त्याच्याकडे बोलीला येत असेल, तर बोली लावणाऱ्याला हे आधी ठळक अक्षरांत सांगितलं पाहिजे. बड्या धेंडांचं सोडा. या आकड्यांच्या बातम्या वाचून ज्यांनी साठवलेले पैसे सीलबंद खोक्यांत घातले, त्यांना हे कळायला हवं होतं.