उतारवयातील स्नायू, हाडे आणि सांधे
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



गेल्या हिवाळ्यात माझी आई आमच्या ड्युनेडिनच्या घरी उंबऱ्याला अडखळून पडली. तिचे वय 82. मनगटाचे हाड जुळून आले, परंतु मनातली धास्ती गेली नाही. ती भिंत धरून चालू लागली आणि पुढे तिने चालणेच कमी केले. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. तरी घरातले हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

वयाबरोबर स्नायूंचे सगळेच तंतू सारखे झिजत नाहीत. झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात, आणि अडखळल्यावर पाय चटकन पुढे टाकून तोल सावरणारे नेमके तेच असतात. म्हणूनच सावकाश घरभर फिरणारी व्यक्तीसुद्धा एका ठेचेने कोसळते. हाड तर जन्मभर मोडून पुन्हा बांधले जात असते. उतारवयात मोडणारा हात बांधणाऱ्याच्या पुढे जातो, आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये काही वर्षे हा वेग फारच वाढतो. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. हालचालीने ती दबते, सुटते, आणि त्या दाबावर आतबाहेर होणाऱ्या द्रवातून तिचे पोषण होते. गुडघा दुखतो म्हणून तो महिनोन्‌महिने हलवायचाच नाही, ही आपल्याकडची समजूत त्या गुडघ्याचीच उपासमार करते.

यावरचा एक उत्तम उपाय आमच्याच गावी सिद्ध झाला, याचा मला थोडा अभिमान आहे. ओटागो विद्यापीठातील जॉन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 80 वर्षे व त्यापुढील 233 स्त्रियांवर केलेला अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना घरी जाऊन व्यायाम शिकवला. वर्षभरात त्या गटात 88 वेळा पडण्याचे प्रसंग आले, तर दुसऱ्या गटात 152.

व्यायाम अगदी साधे आहेत. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून गुडघा सरळ करणे, टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे. आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास, शिवाय चालणे. जमू लागले की वजन वाढवायचे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम ओट्याजवळ, आधार हाताशी ठेवून करावेत.

आईला पट्टा बांधू म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "या वयात मला पैलवान करतोस काय?" पहिल्या आठवड्यात हात टेकल्यावाचून तिला एकदाही उठता आले नाही. आता ती लागोपाठ सहा वेळा उठते. गेल्या शब्बाथला प्रार्थनेसाठी सर्व उभे राहिले, तेव्हा मी सवयीने तिच्या कोपराला हात लावला. तिने तो बाजूला सारला.