मधेच उठता येतं का?

सकाळी ६.३०. आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं, त्यामुळे दिवस नळापासून सुरू होतो. पिंप भरेस्तोवर ओट्याशी उभ्याने चहा, मग पोळ्या, दोन डबे, बाबांच्या गोळ्या. या वेळात मी गेमला हात लावत नाही. अर्धा कान नळाकडे ठेवून खेळायला मला आवडत नाही.

९.४५. पुण्यात नारायण पेठेतलं दुकान बाबांनी टीव्ही दुरुस्तीसाठी घेतलं होतं. आता तिथे मी गेमचे कंट्रोलर दुरुस्त करते. मी तिसरीत असताना दुरुस्त झालेल्या टीव्हीचे रंग तपासायला ते त्याला व्हिडिओ गेम जोडायचे. पिवळी कॅसेट खोचायची, मारिओ लावायचा. आकाश निळं, टोपी लाल, झुडपं हिरवी दिसली की टीव्ही पास. त्यातलं झुडूप आणि ढग हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, हे मला मोठेपणी कळलं. १९८५ सालचा तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा. तेवढ्या जागेत एकच आकार दोनदा वापरून त्या लोकांनी आकाशही उभं केलं आणि जमीनही. संसार करणाऱ्या माणसाला ही काटकसर लगेच कळते.

१०.१५. टेबलावर पहिला कंट्रोलर ‘ड्रिफ्ट’चा. बोट काढलं तरी गेममधला माणूस आपला डावीकडे चालतच राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, भूत शिरलंय.” ही नुसती झीज असते. अंगठ्याखालच्या दांडीला दोन बाजूंनी दोन चिमुकल्या डब्या असतात, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. डबीत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. घासून घासून पट्टा झिजतो, आणि मग दांडी मधोमध उभी असतानाही तो ‘मी हललोय’ असं सांगत राहतो.

चार स्क्रू, मागचं झाकण, बॅटरी, बोर्ड. मग दांडीच्या त्या भागाचे चौदा पाय सोडवायचे. फ्लक्स लावायचं, एकेका पायाचं सोल्डर वितळवायचं आणि पंपाने ओढून घ्यायचं. घाई केली की भोकाच्या कडेचं तांबं उचलून येतं आणि बोर्ड हातचा जातो. चौदावा पाय सुटला की तो भाग स्वतःच्या वजनाने तळहातावर पडतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मला बरं वाटतं. नवा बसवताना मी चुंबकावर चालणारा सुचवते. त्यात काही घासतच नाही, त्यामुळे असा झिजतही नाही.

दुपारी १२.३०. एक आई आणि तिचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. “ह्याला जरा तुम्हीच सांगा हो, ताई. जेवायला हाका मारून माझा घसा बसतो. बंद कर म्हटलं की अंगावर येतो.” काय खेळतोस, म्हणून विचारलं. बीजीएमआय, मोबाइलवरचा लढाईचा गेम, चौघं मित्र मिळून.

मी आईंना म्हटलं, “त्यात मधे थांबवायचं बटणच नसतं. शंभरेक जण एकदम उतरलेले असतात. हा उठला की उरलेले तिघं उघड्यावर पडतात. ‘बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘किती राहिलंय?’ असं विचारून बघा. आणि तू रे, नवी मॅच लावायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावत जा. मॅच अर्ध्या तासाची आणि तव्यावर शेवटची पोळी, हे गणित तुला येतं.” मुलगा हसला. आई काही बोलल्या नाहीत, पण पावती पर्समध्ये ठेवताना “किती राहिलंय” असं एकदा पुटपुटल्या.

गेम चांगला की वाईट, हे मी चित्रांवरून ठरवत नाही. त्यातून मधेच उठता येतं का, आणि उठल्यावर तो आपल्याशी कसा वागतो, हे बघते. रोज हजेरी लावा नाहीतर बक्षीस बुडालं, असं सांगणारा एक गेम माझ्याही मोबाइलमध्ये होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पाटावर ताट मांडलेलं असताना, मी हजेरीसाठी मोबाइल हातात घेतला. त्याच रात्री तो गेम काढून टाकला. खेळ म्हणजे सुटी, आणि सुटीला हजेरीपुस्तक असू नये.

२.००. शटर अर्धं खाली, डबा, आणि मग ‘स्टारड्यू व्हॅली’चा एक दिवस. एकच. एरिक बरोन नावाच्या माणसाने साडेचार वर्षं एकट्याने राबून तो केला. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग सगळं त्याचं. २०१६ साली तो बाहेर आला. आपण शेतकरी. सकाळी सहाला उठायचं, पाणी घालायचं, गावात चार माणसांना भेटायचं, रात्री दोनच्या आत अंथरुणाला पाठ टेकायची. नाहीतर असाल तिथे कोसळता. हा अख्खा दिवस आपल्या घड्याळात साधारण चौदा मिनिटांचा. झोपलात की दिवस जमा होतो. गिऱ्हाईक आलं तर मेनू उघडून ठेवायचा, सूर्य तिथेच थांबतो. परत आलं की झारी हातात तशीच. कष्ट करणाऱ्या माणसाच्या वेळेची इतकी कदर मी फार थोड्या गेममध्ये पाहिली आहे.

४.३०. सुट्या भागांसाठी तपकीर गल्लीत. पायी दहा मिनिटं, गर्दीतून वीस. एका दुकानातल्या पोऱ्याला ‘राजी’ हा गेम पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय, हे सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. २०२० साली आलेला हा गेम: हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, राजस्थानी वाडे, आणि दुर्गा आणि विष्णू आपसात तिच्याबद्दल बोलताहेत. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. मारामारी मधूनमधून रेंगाळते, पण भिंतींवरची चित्रं बघायला मी कितीदा तरी नुसती उभी राहिले. असाच कुणीतरी राजगडाच्या पावसाळी पायऱ्यांवरचा गेम करावा, आणि तो मराठीत बोलावा, असं मला मनापासून वाटतं.

६.३०. पंचविशीतला एक मुलगा अख्खं कन्सोल विकायला घेऊन आला. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळता खेळता कर्ज झालेलं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण याचं कर्ज त्याआधीचं. “गेमने वाट लावली, ताई,” तो म्हणाला. जुगाराला आणि खेळाला आपण एकच शब्द वापरतो, याचा मला राग येतो. कन्सोलमध्ये त्याचं सहा वर्षांचं खेळणं साठवलेलं होतं. ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं आणि भाव देताना हात आखडला नाही. पुन्हा घेशील तेव्हा कामाला येईल, असं सांगितलं.

रात्री १०.००. भांडी झाली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसतात. “लाव गं काँट्रा.” जुन्या मशीनवर, जुन्याच कॅसेटवर. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव देणारा हा मंत्र बाबांना पाठ आहे. काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थांनी तो आधी १९८६च्या ‘ग्रेडियस’मध्ये घातला. चाचणी करताना त्यांना स्वतःलाच तो गेम फार अवघड जात होता, म्हणून.

तिसऱ्या टप्प्याला धबधबा येतो. दगडावरून दगडावर उड्या मारत वर चढायचं. पुढचा वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. लहानपणी मी धावत सुटायचे, आणि बाबा प्रत्येक वेळी खाली मरायचे. तेव्हा ते काही बोलायचे नाहीत. आता त्यांचा अंगठा बटणावर उशिरा पडतो. तिथे घड्याळ नाही, घाई नाही. मी खालच्या दगडावर उभी राहून येणाऱ्या गोळ्यांपुरती आडवी होते.

“अगं, जा की पुढे.”

“तुम्ही चढा, बाबा. मी आहे इथे.”