उतरणीचं पाणी वेगळं

वाळवंटातल्या डोंगराचा बेत शेवटाकडून आखावा लागतो. किती वाजता पायथ्याशी परत यायचं, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत घरून निघायची वेळ काढायची. शिखर या हिशेबात मध्ये कुठेतरी येतं. बहुतेक जण शिखर गाठलं की दिवस सरला असं धरून चालतात. खरं तर तेव्हा अर्धी वाट, दमलेले पाय आणि डोक्यावर आलेलं ऊन शिल्लक असतं.

मी बोरी अरबची. दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठावरचं हे गाव. आरोग्यसेविकेची नोकरी याच भागातल्या खेड्यांत केली, त्यामुळे मे महिन्यात माणसाचं काय होतं हे जवळून पाहिलेलं. लेक-जावई अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ चँडलरला राहतात. मे महिन्यात मी त्यांच्याकडे असताना कॅमलबॅक चढायचं ठरलं. फिनिक्स शहराच्या मधोमध उभा असलेला, बसलेल्या उंटाच्या आकाराचा हा तांबूस खडकाचा डोंगर. उंची 824 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे जवळजवळ याच्या दुप्पट. आकडा ऐकून जावई म्हणाले, "आई, दोन तासांत जाऊन येऊ. निवांत नाश्ता करून निघू."

नाश्ता करून म्हणजे नऊ वाजता! लेकीकडे वळून मी म्हटलं, "आपली माणसं पऱ्हाट्या उपटाले पहाटंच काऊन जाते वावरात?" ती हसली, पण तिला पटलं. उन्हाळ्यात आपल्याकडचा मजूर पाचला वावरात असतो आणि ऊन चढायच्या आत घरी येतो. त्याला हे गणित कोणी शिकवलेलं नसतं. फिनिक्सचा उन्हाळा आमच्या यवतमाळच्या उन्हाळ्याहून लांब आणि कडक. जुलै 2023 मध्ये तिथं सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. म्हणून अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी नगर प्रशासन कॅमलबॅकच्या वाटा भर उन्हाच्या तासांत बंदच ठेवतं. ही पद्धत 2021 मध्ये सुरू झाली, कारण चढणाऱ्यांना सोडवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानच उन्हानं आजारी पडू लागले होते. स्वतःच्या हौसेचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. बेत आखताना हाही विचार हवा.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला, तो आजही चालतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आम्ही निवडलेली एको कॅन्यनची वाट एका बाजूनं सुमारे दोन किलोमीटर, चढ 385 मीटरच्या आसपास. नियमानं तासाभराची चढाई निघते. पण हा नियम सरावाच्या, तरण्या माणसासाठी. माझं वय आणि गुडघे धरून मी त्याची दुप्पट केली. उतरायलाही दोन तासच धरले, कारण खड्या उतारावर मांड्यांचे स्नायू अंग पेलून धरतात आणि तिथंच पाय लटपटायला लागतात. साडेनऊला पायथा, म्हणजे साडेसातला शिखर, म्हणजे साडेपाचला चढायला सुरुवात. मेमध्ये तिथं त्याच सुमारास उजाडतं आणि वाटही सूर्योदयालाच उघडते. गाड्या लावायची जागा थोडी, तीही लवकर भरते. आम्ही अंधारातच घर सोडलं. साडेसातला जिथं असू तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी, आणि तिघांनी एकमेकांना सोडायचं नाही, हे गाडीतच ठरलं.

पाण्यावर मी अडून बसले. उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. कोरड्या हवेत तो लगेच उडतो, अंग ओलं होत नाही, म्हणून माणसाला वाटतं की घाम आलाच नाही. तहानेवर भरवसा ठेवून चालत नाही. प्रत्येकाला दीड लिटरच्या दोन बाटल्या दिल्या. एकीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून 'उतरण' असं लिहिलं आणि ती पिशवीच्या तळाशी घातली. वर पोहोचेपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही. पहिली मध्येच संपली, तर तिथून परत. फिनिक्सवालेही हेच सांगतात की अर्धं पाणी संपायच्या आत मागे वळा. नुसतं पाणी ढोसणंही बरं नव्हे, घामाबरोबर मीठही जातं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हीच आपली जलसंजीवनी. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. इतकी स्वस्त आणि इतकी गुणाची गोष्ट वैद्यकात क्वचितच असेल.

बाकी सामान थोडकं. पकड असलेले जुने बूट, नवे नकोत. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला ओला दुपट्टा, पूर्ण चार्ज केलेला फोन. आणि एक कंगवा! चोया नावाच्या निवडुंगाचं कांडंच्या कांडं कपड्याला चिकटतं. हातानं काढायला गेलं की हातात रुततं. कंगव्याचे दात त्याच्या खाली सरकवायचे आणि झटक्यात दूर उडवायचं. तिथं रॅटलस्नेकही असतात, म्हणून जिथं नजर पोचत नाही त्या कपारीत हात घालायचा नाही. विळे घेऊन बांधावर जाणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वाटेवर एका खड्या कातळाला लोखंडी कठडा आहे. त्याला धरून अंग वर ओढावं लागतं. पुढे मोठमोठ्या दगडांवरून हातापायांनी चढायचं. सावली नावाला. सव्वासातला आम्ही माथ्यावर होतो. उतरताना खडकातून झळा येऊ लागल्या होत्या आणि तेव्हा कुठे चढायला निघालेली, हातात पाण्याची एकेक लहान बाटली घेतलेली माणसं आम्हाला भेटत होती. एका पोराला मी खुणेनंच परत जा म्हटलं. लेकीनं ते इंग्रजीत समजावलं, तेव्हा तो थांबला.

कोणाला मळमळलं, गोळे आले, चक्कर आली, तर तिथंच सावली शोधून बसवा, घोट घोट पाणी द्या, आणि त्या दिवसापुरती चढाई संपली असं समजा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळत चालू लागला, ओळख विसरू लागला, तर तो उष्माघात. अंगाला घाम असला तरीही. आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. तापाची गोळी इथं कामाची नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, दुपट्ट्यानं जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. हे चालू असतानाच दुसऱ्यानं फोन लावायचा: तिकडे 911, आपल्याकडे 108. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणं थांबवायचं नाही.