पायोरियात दात का हलतात?

दात हलू लागला की तो किडला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पायोरियाने हलणारा दात पुष्कळदा धडधाकट असतो. त्याला आधार देणारे जबड्याचे हाड झिजलेले असते. हे हाड जंतू खातात असेही नव्हे. ते झिजविणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच असतात, आणि त्यांना चेतवितात ती जंतूंनी सोडलेली द्रव्ये.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जंतू वस्ती करून असतात. हिरडी व दात यांमधील खोल खाचेत हवा फारशी पोहोचत नाही. तेथील काही जंतू प्रथिनांवर जगतात व ब्युटिरिक आम्ल बाहेर टाकतात. खवट लोण्याला येणारा वास याच आम्लाचा. मोठ्या आतड्यात हेच आम्ल तेथील अस्तराचे पोषण करते. हिरडीच्या बाबतीत मात्र ते संरक्षक लसिकापेशींना मारक ठरते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

दुसरे द्रव्य म्हणजे जंतूंच्या बाह्य आवरणातून सुटणारे विष. त्याची चाहूल लागताच हिरडीतील भक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्या हाकेसरशी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. थर निघाला तर प्रकरण येथेच मिटते. तो तसाच राहिला तर संदेश थांबत नाहीत, आणि पुष्कळांच्या बाबतीत अखेर हाड विरघळविणाऱ्या पेशी कामास लागतात.

डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे बंद करावयास लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हे निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे नेमके उलट घडते. रक्त दिसले की माणूस भिऊन त्या जागी ब्रश फिरविणेच सोडतो व थर वाढू देतो. तेथे मऊ ब्रशाने, हलक्या हाताने, पण रोज घासावे. घट्ट झालेले कीटण मात्र दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावे लागते. मिसरी हा त्यावरील उपाय नव्हे. ती भाजलेली तंबाखूच होय. विडी ओढणाऱ्यांनी तर रक्ताच्या खुणेवर विसंबूच नये, कारण धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आत हाडाची झीज चालूच राहते.